आधी मागचं दार आखा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच कळेल. दारव्हा तालुक्यातलं गाव. जुनं कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं, घर उतरवून स्लॅबचं बांधताय. घराचं तोंड पश्चिमेला, मागे पूर्वेला परस. स्वयंपाकघराला दहा बाय बाराची खोली काढली आहे. घरात सहा माणसं, हंगामात दहा-बारा. तुमची उंची पाच फूट एक इंच. सासूबाई गॅसवर चहापुरत्या वळतात, बाकी भाकर आणि वरण चुलीवरचंच हवं. सोबत तुम्ही मोबाइलमधला एक फोटो पाठवला आहे. त्यात पांढरी शुभ्र कपाटं, खोलीच्या मधोमध सुटा ओटा, त्यावर लोंबणारे दिवे. आणि विचारलं आहे, ‘दिसायला असं आणि कामालाही सोयीचं, दोन्ही होईल का?’

होईल, पण त्या फोटोवरून नाही. त्या फोटोत तुरीच्या डाळीचं पोतं कुठे आहे? तेलाचा पंधरा किलोचा डबा? तव्याची काजळी कुठे घासतात? ते घर रोज दुकानातून आणून खाणाऱ्यांचं आहे. तुमच्या घरी वर्षाचं धान्य येतं, उन्हाळ्यात शेवया-कुरडया-सरगुंडे होतात, महालक्ष्म्यांना गावजेवणासारखी पंगत उठते. ही सगळी कामं दहा बाय बारात मावत नाहीत, आणि आजवर कधी मावलीही नाहीत. आपल्याकडचं निम्मं स्वयंपाकघर मागच्या दाराबाहेर असतं. सव्वीस वर्षं यवतमाळ-वर्धा भागात घरं बांधतोय. जी स्वयंपाकघरं फसली त्यातली बहुतेक याच कारणाने फसली. आतली खोली नटवली, आणि बाहेरचा अर्धा भाग ‘नंतर पाहू, पत्रे टाकून घेऊ’ म्हणून सोडून दिला.

‘नंतर पाहू’ का नको, ते सांगतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया मिस्त्री मुरूम लागेपर्यंत नेतो. मागाहून जोडलेल्या ओसरीचा पाया मात्र दीड-दोन फुटांत उरकतो, वर हलकंच तर छप्पर आहे म्हणून. दोन पावसाळ्यांत ओसरी घरापासून सुटते, जोडावर वरपासून खालपर्यंत भेग, त्यातून पाणी, मग मुंग्या, मग उधई (वाळवी). तेव्हा मागची ओसरी आत्ताच नकाशात घ्या. पूर्वेच्या भिंतीला लागून आठ फूट रुंद, बारा फूट लांब, पाया घराच्याच खोलीचा. पैसे कमी पडत असतील तर आतले शटर पुढच्या वर्षी करा, पण ओसरीचा पाया मागे ठेवू नका.

या ओसरीवर स्लॅब घालू नका. घर उतरवताना निघालेली कवेलू धुऊन, फुटकी वेगळी काढून तीच वर चढवा. मयाली (छपराच्या तुळया) आणि खांब सागाचे असतील तर त्यांना तर हातच लावू देऊ नका कोणाला. जुनं घर घेणारे ते जळणाच्या भावात मागतात. चाळीस-पन्नास वर्षं वाळलेला साग आज डेपोत पैसे मोजूनही मिळत नाही. कवेलूंचं कारण दिसण्यापुरतं नाही. जुन्या घरात चूल आतच होती आणि तरी माणसं राहत होती, कारण धूर वर चढून कवेलूंच्या फटींतून निघून जायचा. आपण स्लॅब टाकला आणि चूल तिथेच ठेवली, तेव्हा धुराची वाटच बुजवली. नव्या पक्क्या घरातली स्वयंपाकघरं जुन्या कच्च्या घरांपेक्षा लवकर काळी का पडतात, हे मला कित्येक लोक विचारतात. कारण एवढंच आहे.

चूल ओसरीच्या आग्नेय कोपऱ्यात मांडा. सासूबाईंची दिशाही सांभाळली जाईल, आणि त्या दिशेमागे वाऱ्याचा हिशेबही आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेच्या अंगाने येतो, त्यामुळे पूर्वेकडे ठेवलेल्या चुलीचा धूर घराबाहेर जातो. दिवाळीनंतर वारा उत्तरेकडून फिरतो, तेव्हाही दक्षिणेच्या टोकाला असलेली चूल बरी. चुलीच्या वर चार इंची सिमेंटचा पाइप, कवेलूंच्या वर दोन-तीन फूट काढलेला, टोपीसकट. पाइप लाकडाला टेकू देऊ नका, चांगलं वीतभर अंतर सोडा. जिथून छपरातून बाहेर निघतो तिथे पत्र्याची चौकट घाला. चुलीपुढे बसायला दगडी बैठक नको, जमिनीपेक्षा चार इंच उंच ओटा करा आणि चूल त्या मानाने. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर चूलच एक फूटभर उंच बांधा आणि त्यांना पाटाऐवजी बुटकं स्टूल द्या. जाम कुरकुर होईल, आठ दिवसांनी थांबेल.

पऱ्हाट्या-तुराट्या, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्या, चुलीशेजारी रचू नका. तुराटी कागदासारखी पेटते, आणि त्या ढिगात विंचू-साप हमखास बसतात. परसात वेगळ्या कठड्यावर, जमिनीपासून वीतभर वर, आणि रोज लागेल तेवढाच भारा आत.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे उत्तरेला, मोरी. तीन बाय चार फुटांची, जमिनीलगत, खडबडीत शहाबादी फरशीची. मोठी पातेली, कढया, राखेने घासायची भांडी इथे. आतल्या सिंकवर हा भार टाकला की सहा महिन्यांत पाइप तुंबतो. आणि मोरीच्या अलीकडे सावलीत कडप्प्याची घडवंची, खाली निथळायला उतार. फ्रीज असला तरी मे महिन्यात माठच लागतो. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हातावर घेववत नाही. (टाकीला पांढरा रंग द्या किंवा वर तट्ट्याची सावली करा, खर्च शंभर-दोनशेचा, फरक मोठा.)

आता दार ओलांडून आत या.

ओट्याची उंची. इथे मी स्वतः खाल्लेली ठेच सांगतो. माझ्या घराचा ओटा मी छत्तीस इंच बांधला. तेव्हा नवा होतो, पुस्तकी माप पाठ होतं, आणि उभं राहून पाहिलं ते मी स्वतः, पाच फूट नऊ इंचाचा माणूस. घरातली पाच फुटांची. पहिल्या आठवड्यात तिने देवघरातला पाट आणून ओट्यापुढे ठेवला आणि त्यावर उभी राहून पोळ्या लाटायला लागली. माझी माय आली, तिने पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘काऊन रे बावा, ओटा कोनासाठी बांधला? सयपाक तू करतं का?’ तो ओटा मी पुढे फोडून पाच इंच खाली घेतला. ग्रॅनाइटची पाटी वाचली, बाकी सगळं वाया.

म्हणून तुम्ही आधी विटांवर प्रयोग करा. बांधकामावर विटा आहेतच. दोन जागी विटांच्या थप्प्या रचा, वर फळी टाका, पोळपाट ठेवा आणि खरोखर आठ-दहा पोळ्या लाटा. अनवाणी, कारण घरात अनवाणीच असता. वीट साधारण तीन इंचांची, त्यामुळे एक थर काढला-चढवला की फरक लगेच कळतो, मधल्या इंचासाठी फळीखाली फरशीचा तुकडा सरकवा. खांदे वर उचलले जात असतील तर उंची जास्त, कंबर वाकत असेल तर कमी. कोपर दुमडून हात आडवा धरला की त्याच्या चार ते सहा इंच खाली पाटी यावी. तुमच्या उंचीला ते बत्तीस-तेहतीस इंचांच्या आसपास येईल, पण माझ्या आकड्यावर जाऊ नका, तुमच्या खांद्यांवर जा.

शेगडीचा भाग वेगळा. शेगडीची स्वतःची उंची चार इंच, तिच्यावर कुकर नाहीतर कढई. बत्तीस इंचांच्या ओट्यावर हे चढवलं की वरणाला फोडणी देताना हात छातीच्या वर जातो आणि तेल मनगटावर उडतं. तेवढा तीन फुटांचा तुकडा चार इंच खाली घ्या. मिस्त्री म्हणेल, पाटी अखंड चांगली दिसते. दिसते खरी. तरी खाली घ्या. जोडाला पट्टी लावून तीही सुबक होते.

मांडणी अशी: उत्तरेची बारा फुटांची भिंत पूर्ण ओट्याला. पूर्वेकडे मागच्या दाराशी सिंक, अडीच फूट. त्याला लागून चार फूट मोकळा ओटा, त्याच्यासमोर खिडकी. मग खाली घेतलेला शेगडीचा तुकडा, आणि पश्चिमेच्या टोकाला उरलेल्या अडीच फुटांत मिक्सर आणि वाढायची भांडी. धुतलं, चिरलं, शिजवलं, वाढलं, हा क्रम मागच्या दाराकडून पुढच्या दाराकडे जातो. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर सारखा उजेड येतो, ऊन अंगावर येत नाही. शेगडी मुद्दामच खिडकीसमोर ठेवलेली नाही. वाऱ्याने आच विझते आणि गॅस चालूच राहतो, हे लक्षात येत नाही.

सिलिंडर शेगडीच्या खाली ठेवता येणार नाही, तो तुकडा आपण बुटका केला आहे. बाजूच्या मोकळ्या ओट्याखाली, शेगडीला लागूनच्या कप्प्यात ठेवा, दीड फूट रुंद जागा सोडा म्हणजे फिरवून काढता येतो. त्या कप्प्याला गच्च शटर लावू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता जमिनीवर पसरतो. म्हणून शटर लावलंच तर खालच्या बाजूला भोकं हवीत, आणि मागच्या दाराचा उंबरठा अगदी बेताचा. रबरी नळीवर तारीख असते, ती पाच वर्षांनी बदला, फुटायची वाट पाहू नका.

एक्झॉस्ट पंखा शेगडीच्या वर, छताखाली, उत्तरेच्या भिंतीत. बारा इंची घ्या, नऊ इंचीत मिरचीचा ठसका अर्धा आतच राहतो. चिमणी हवी असेल तर जिचा पाइप भिंतीबाहेर निघतो तीच. विनापाइपची चिमणी तेल थोडं गाळते आणि गरम हवा पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडते. दक्षिणेच्या भिंतीत छताजवळ दोन झरोके ठेवा, जाळी लावून, म्हणजे पंखा बंद असताना, किंवा लाइट गेलेली असताना, गरम हवेला वाट राहील. छताचा पंखा शेगडीच्या डोक्यावर नको, भिंतीवरचा पंखा पाठीवर येईल असा घ्या. मे महिन्यात दोन भाज्या आणि वीस पोळ्या करणाऱ्या बाईला ओट्याच्या रंगापेक्षा याचं मोल जास्त असतं, पण नकाशा दाखवताना एकही माणूस मला पंख्याचं विचारत नाही.

दगडाबद्दल. कडप्पा स्वस्त आणि काळाभोर, पण तो चुनखडीच्या जातीचा आहे. लिंबू, चिंच, कैरी, संत्र्याचा रस पडला की पांढरट डाग, तो घासून निघत नाही. कोटा फरशीही त्याच जातीची. कडप्पा कप्प्यांना आणि घडवंचीला वापरा, वर पाटी ग्रॅनाइटचीच घ्या. रंग मात्र गुळगुळीत काळा नको. बोअरचं जड पाणी काळ्या ग्रॅनाइटवर वाळलं की पांढरे वर्तुळ, आणि मग दिवसातून चार वेळा पुसणं. करड्या-तपकिरी ठिपक्यांचा घ्या, पाण्याचे डाग आणि पीठ दोन्ही लपतात. (खारपाणपट्ट्यात, अकोला-दर्यापूरकडे, तर मी नळही पितळी-चकचकीत लावत नाही, प्लास्टिकचे लावतो. क्षार चकाकी खाऊन टाकतो.) पुढच्या कडेला पाटी खालून खाच मारून घ्या, पाणी अंगावर न येता तिथूनच टपकतं. सुताराच्या चौकटीला आणि तुमच्या साडीला, दोघांनाही बरं.

खाली जमिनीला आरशासारखी टाइल नको. तेलाचा एक थेंब आणि ओला पाय, पुढचं सांगायला नको.

सिंक नऊ इंच खोल, चोवीस बाय अठराचं. पाइप तीन इंची, आणि बाहेर पडतो तिथे जाळी. जाळी नसेल तर त्याच वाटेने उंदीर येतो, उंदरामागे कोण येतं ते गावात सांगायची गरज नाही. सिंक आणि मोरीचं पाणी एका छोट्या हौदातून, जिथे तेल आणि खरकटं थांबेल, परसातल्या केळीला आणि अळूला सोडा. हौद पंधरा दिवसांनी उपसावा लागतो. हे काम कोण करणार ते आत्ताच ठरवा, नाहीतर डबकं होऊन डास होतात आणि केळीचं नाव बदनाम होतं.

धान्य या खोलीत ठेवू नका. गव्हाच्या आणि तुरीच्या कोठ्यांना कोरडी, थंड जागा लागते आणि स्वयंपाकघरात वाफ. शेजारच्या खोलीत सहा इंच उंच कट्टा, भिंतीपासून वीतभर सुटा. स्वयंपाकघरात फक्त महिन्याचं, दक्षिणेच्या भिंतीवर फूटभर खोलीच्या कप्प्यांत. फूटभरच. दोन फूट खोल कप्प्यात मागचा डबा दोन वर्षं कोणाला दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा त्यात जाळं झालेलं असतं.

शटरचं. तालुक्याच्या गावी जे तयार मॉड्युलर किचन दाखवतात, ते बहुतेक भुश्याच्या दाबलेल्या बोर्डचं असतं, वर चकचकीत कागद. माझ्या एका गिऱ्हाइकाने हौसेने बसवलं, मी नको म्हणालो होतो. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचं दार फुगून भाकरीसारखं झालं, दुसऱ्या वर्षी मागून उधईची मातीची रेघ चढली. विकणाऱ्याने पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलं. स्वयंपाकघरात! तुम्ही खालचे कप्पे विटा आणि कडप्प्याचे बांधा, पुढे जुन्या मयालींच्या सागाची चौकट, सिंकखाली ॲल्युमिनियमची जाळी म्हणजे हवा खेळते. लाकूड कुठेच थेट जमिनीला टेकवू नका, चार इंचांचा दगडी पाया ठेवा. ट्रॉल्या दोनच घ्या, ताट-वाट्यांची आणि चमच्यांची. बाकी सगळ्या ट्रॉल्यांत काही दिवसांनी पिशव्या भरतात.

विजेचं थोडक्यात. फ्रीज, घरघंटी आणि इंडक्शनला वेगवेगळे सोळा अँपिअरचे पॉइंट, सिंकपासून तीन फूट लांब, आणि वीज गळली की आपोआप तुटणारा स्विच मुख्य बोर्डात बसवाच. ओल्या हातांची खोली आहे.

राहिलं सौंदर्य, ज्यासाठी तुम्ही फोटो पाठवला. ओट्याच्या वर दोन फूट साध्या, एकरंगी टाइल लावा, फिकट पिवळ्या किंवा दुधी. द्राक्षांच्या आणि सफरचंदांच्या चित्रांच्या टाइल मी शेकडो घरांत लावल्या आहेत. संत्र्यांच्या मुलखात द्राक्षं का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बाकी भिंतीला रंग पांढरा नको, हलका मातकट, आणि खाली फूटभर गेरूचा पट्टा. एकदा सेवाग्रामला जाऊन बापूकुटी बघून या. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. त्या कुटीच्या मातीच्या भिंतींवर त्यांच्या शिष्या मीराबेनने उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. भिंत तीच, हात फिरला म्हणून देखणी झाली. तुमच्या ओसरीच्या भिंतीवर सासूबाईंना चुन्याचे ठिपके आणि वेली काढू द्या, त्यांना येत असणार.

दक्षिणेच्या भिंतीवर मधला एक कप्पा सहा फूट लांब, सागाच्या जाड फळीचा. त्यावर रुखवताचे पितळी डबे, गुंड (पाण्याचे हंडे), कोपर (खोल पराती). आज ते कोठीघरात पोत्यात बांधलेले असतील. उत्तरेच्या खिडकीचा उजेड समोरून त्यांच्यावर पडतो आणि सगळी खोली उजळते. एवढंच उघडं ठेवा, उरलेल्यावर काचेची दारं, कारण सरकीची धूळ आणि फोडणीचं तेल मिळून जी चिकट साय बसते ती दर दिवाळीला कोण घासणार. आणि मधोमधचा तो सुटा ओटा विसरा. ओटा दोन फूट आणि कप्पे एक फूट गेले की मध्ये सात फूट मोकळी जमीन राहते. महालक्ष्म्यांच्या दिवशी तिथे चार बायका गोल बसून पुरण वाटतात, भाज्या निवडतात, आणि मांजरही येऊन बसतं.

मिस्त्री या आठवड्यात ओट्याच्या भिंती उचलतो म्हणतोय, असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला ओसरीच्या पायावर लावा. तोवर तुम्ही विटा रचा, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटून पाहा, सासूबाईंनाही एकदा उभं करा, आणि भिंतीवर कोळशाने दोघींना सोयीच्या ओट्याच्या उंचीची रेघ मारून ठेवा. दोन रेघांत तीन इंचांपेक्षा जास्त फरक निघाला तर मला कळवा, मग पश्चिमेकडच्या त्या अडीच फुटांचं काहीतरी वेगळं करू.